प्रसन्न चित्ताचा भरवसा

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आपल्या विहाराविहारांतून होत असते. या वाचनाने गावोगावच्या वस्त्यांना जे वैचारिक अधिष्ठान लाभले, त्याचे मोल धम्मबांधवांना वेगळे सांगावयास नको. अशाच एका वाचनानंतर वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात असलेल्या अल्लीपूर या गावी चित्ताच्या प्रसन्नतेविषयी आम्ही काही विचार मांडले होते. आमचे बोलणे संपले तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या एका वयोवृद्ध माउलींनी हात जोडून विचारले, "कापूस गेला, देनं रायलं, अन् तुमी म्हंता मन प्रसन्न ठेवा. कायच्या भरवशावर ठेवाव जी?"

सभेतील कोणीही हसले नाही. प्रश्न एकट्या त्या माउलींचा नव्हता. आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर आम्हालाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न होय. प्रसन्नता, मैत्री, कृतज्ञता, आशा, उत्साह या भावनांचा माणसाच्या कल्याणाशी काय संबंध आहे, याविषयी आधुनिक मानसशास्त्र काय सांगते, तथागतांनी काय सांगितले आणि बाबासाहेबांनी त्याचा कोणता अर्थ आपल्या हाती दिला, हे आपण क्रमाने पाहू.

दोन चुकीची उत्तरे

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात आणि आमच्या मते दोन्ही चुकीची आहेत.

पहिले उत्तर असे की, जे वाट्याला आले त्यात समाधान मानावे, म्हणजे मन आपोआप शांत होते. हे उत्तर आपल्या पूर्वजांना शतकानुशतके ऐकविले गेले. पूर्वजन्मीचे फळ म्हणून अस्पृश्यता सोसा, गरिबी सोसा आणि सोसताना कुरकुर करू नका, असा त्याचा मथितार्थ होता. असे समाधान म्हणजे गुलामाच्या पायातील बेडीवर चढविलेला मुलामा होय. बाबासाहेबांनी ते संपूर्णपणे नाकारले. बुद्धाने दारिद्र्याला धन्य अवस्था ठरविले नाही आणि दरिद्री माणसाला समाधान मानून स्वस्थ बसण्यास सांगितले नाही, हे त्यांनी आपल्या ग्रंथात स्पष्टपणे नोंदविले आहे. संपत्ती मिळविण्यास बुद्धाचा विरोध नव्हता. ती शील पाळून मिळवावी एवढाच त्यांचा आग्रह होता.

दुसरे उत्तर याच्या नेमके उलट आहे. आधी कर्ज फिटू द्या, अन्याय संपू द्या, मग आनंदाचे पाहू, असे ते सांगते. हे उत्तर प्रामाणिक वाटते, कारण त्यात दुःखाची चेष्टा नाही. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. आनंद हे केवळ फळ आहे, कष्टांच्या अखेरीस मिळणारे बक्षीस आहे, असे ते मानते. आनंद हे साधनही असू शकते, किंबहुना संकटाशी झुंजण्यासाठी लागणारे बळ त्यातून मिळू शकते, ही शक्यता ते विचारातच घेत नाही. गेल्या तीन दशकांतील मानसशास्त्रीय संशोधनाने नेमक्या याच शक्यतेवर प्रकाश टाकला आहे.

भयाने मन आक्रसते, प्रसन्नतेने रुंदावते

दीर्घकाळपर्यंत मानसशास्त्राने भय, क्रोध, चिंता, खिन्नता याच भावनांचा प्रामुख्याने अभ्यास केला. यात नवल नाही, कारण रोगाकडे आधी लक्ष जाते. भय वाटले की माणूस पळतो, राग आला की प्रहार करतो, किळस आली की वस्तू दूर लोटतो. या भावनांचे प्रयोजन उघड आहे. मग आनंदाचे प्रयोजन काय? हाच प्रश्न अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेड्रिक्सन यांनी १९९८ साली एका निबंधात विचारला. त्यांनी दिलेले उत्तर 'विस्तार आणि बांधणी' या दोन शब्दांत सांगता येईल.

दुःखद भावना मनाला आक्रसून टाकतात. संकटाच्या क्षणी ते आवश्यकही असते, कारण साप दिसल्यावर चोहीकडचा विचार करीत बसून चालत नाही. परंतु कर्ज हा असा साप आहे की तो एका उडीने मागे पडत नाही. महिनोन् महिने दाराशी बसून राहतो. अशा वेळी आक्रसलेले मन त्याच एका गोष्टीभोवती फिरत राहते आणि दुसरा मार्ग समोर असला तरी तो त्याला दिसत नाही. याउलट प्रसन्नतेच्या क्षणी मनाची कक्षा रुंदावते. माणसाला अधिक पर्याय सुचतात, तो इतरांशी बोलतो, नवे शिकतो, मदत मागतो आणि मदत करतो. हा झाला विस्तार. या विस्तारातून हळूहळू जे जमा होते, ती मैत्री, ते ज्ञान, ते आरोग्य, तो आत्मविश्वास मात्र भावना ओसरल्यावरही शिल्लक राहतो. ही झाली बांधणी. पाऊस चार दिवसांनी थांबतो, पण काळ्या जमिनीत मुरलेली ओल पुढे कित्येक दिवस पऱ्हाटीला जगविते. तसेच हे आहे.

प्रसन्नतेचा परिणाम शरीरावरही होतो. फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अचानक भाषणाची तयारी करावयास सांगितले. साहजिकच त्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढला. त्यानंतर त्यांतील काहींना आनंद वा शांत समाधान देणारे, काहींना कोणतीही विशेष भावना न जागविणारे आणि काहींना दुःखद चित्रपटदृश्य दाखविण्यात आले. ज्यांनी आनंदाचे वा समाधानाचे दृश्य पाहिले त्यांचे हृदय सर्वांत लवकर पूर्वस्थितीला आले. दुःखद दृश्य पाहणाऱ्यांना सर्वांत अधिक वेळ लागला. प्रसन्नतेने संकट टळले नव्हते. परंतु संकटाने शरीरावर उमटविलेला ताण तिने लवकर पुसून काढला.

दुसरे उदाहरण दीर्घायुष्याचे आहे. २००१ साली डॅनर, स्नोडन आणि फ्रीसन या संशोधकांनी अमेरिकेतील १८० ख्रिस्ती जोगिणींनी तरुणपणी, सरासरी बाविसाव्या वर्षी, स्वहस्ते लिहिलेली लहान आत्मवृत्ते तपासली. ज्यांच्या लेखनात आनंद, कृतज्ञता, आशा यांचे उल्लेख अधिक होते, त्या उतारवयात अधिक वर्षे जगल्याचे आढळले. या सर्वजणी जवळजवळ सारखेच अन्न खात होत्या आणि सारखेच जीवन जगत होत्या, म्हणून या अभ्यासाला महत्त्व आहे. अर्थात दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही, हा विवेक वाचकांनी येथे बाळगावा.

तथागतांनी सांगितलेला क्रम

पाली साहित्याशी परिचय असणाऱ्यांना वरील विचार अनोळखी वाटणार नाही. अंगुत्तर निकायात तथागतांनी आनंदाला एक क्रम समजावून सांगितला आहे. कुशल शीलामुळे पश्चात्ताप उरत नाही. पश्चात्ताप नसला की 'पामोज्ज' म्हणजे निर्मळ आनंद उपजतो. त्यातून 'पीति' म्हणजे चित्ताचा उल्हास, त्यातून 'पस्सद्धि' म्हणजे शरीर आणि मनाची शांतता, त्यातून सुख आणि सुखातून समाधी. पुढे प्रज्ञेचा मार्ग खुला होतो. येथे आनंद हा मार्गाचा शेवट नसून मार्गावरील पायरी आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चित्त प्रसन्न झाल्यावाचून ते एकाग्र होत नाही आणि एकाग्र झाल्यावाचून त्याला सत्य दिसत नाही. सात बोध्यंगांत पीतीचा समावेश आहे तो यामुळेच.

ज्या धम्मात पीतीला ज्ञानप्राप्तीचे अंग मानले आहे, त्याला निराशावादी म्हणणारे लोक आजही भेटतात. चार आर्यसत्यांची मांडणी धम्माला निराशेचा धम्म बनविते की काय, हा प्रश्न स्वतः बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उपस्थित केला आणि संपूर्ण ग्रंथातून त्याचे उत्तर दिले. दुःखाचे अस्तित्व मान्य करणे आणि ते दूर करता येते हे दाखविणे, ही दोन्ही कामे धम्म करतो. वैद्याने रोगाचे नाव सांगितले म्हणून त्याला कोणी निराशावादी म्हणत नाही.

कर्ज, अपमान आणि मन

आता त्या माउलींच्या प्रश्नातील कठीण भागाकडे वळू. देणे डोक्यावर असताना मनाचे काय होते?

२०१३ साली आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी त्याच शेतकऱ्यांची आकलनाची चाचणी ऊसतोडीपूर्वी, म्हणजे हाती पैसा नसताना, आणि ऊसतोडीनंतर, म्हणजे पैसा आल्यावर, अशी दोनदा घेतली. पैशाच्या ओढगस्तीत तेच लोक चाचणीत मागे पडले. माणूस तोच, बुद्धी तीच. परंतु पैशाच्या विवंचनेने मनाचा मोठा भाग व्यापून टाकला होता. कर्जबाजारी शेतकऱ्याला निर्णय घेता येत नाही, तो गोंधळतो, चिडतो, तेव्हा त्याच्या स्वभावाला दोष देणाऱ्यांनी हा अभ्यास ध्यानात ठेवावा.

वर्धा जिल्ह्याला हे दुःख नवे नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्ध्याचाही समावेश होता. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरला, तेव्हा उधारीवर बियाणे आणि खत आणणाऱ्यांची अवस्था काय झाली हे कापूस पिकविणाऱ्या गावांना सांगावयास नको. ज्यांच्याकडे शेती नाही, किलोवर कापूस वेचून ज्या माउली घर चालवितात, त्यांची मजुरीही पिकाबरोबरच बुडते.

तथागतांना हे दुःख ठाऊक होते. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. न्यायाने मिळविलेली संपत्ती असण्याचे सुख, ते 'अत्थिसुख'. ती स्वतःसाठी आणि इतरांसाठी वापरण्याचे सुख, ते 'भोगसुख'. कोणाचे काहीही देणे नसण्याचे सुख, ते 'अनणसुख'. आणि काया, वाचा, मनाने निर्दोष असण्याचे सुख, ते 'अनवज्जसुख'. ऋणमुक्तीला सुखाच्या यादीत स्वतंत्र स्थान देणारा हा शास्ता गृहस्थाच्या संसारापासून दूर नव्हता. यांतील चौथे सुख त्यांनी श्रेष्ठ मानले, हे खरे. परंतु त्यासाठी पहिली तीन नाकारली नाहीत. म्हणूनच कर्जमुक्तीसाठी संघटित होणे, हमीभावासाठी आवाज उठविणे, बचत गट चालविणे ही कामे चित्तशुद्धीच्या कामापासून वेगळी काढता येत नाहीत.

कर्जाइतकाच मनाला आक्रसून टाकणारा दुसरा घटक म्हणजे अपमान. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास दिले. मुलांची जात उच्चारली गेली नाही तेव्हा तथाकथित उच्च आणि नीच जातींच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय अंतर नव्हते. सर्वांसमोर जात जाहीर केल्यावर मात्र खालची म्हटल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. हा अभ्यास २००४ आणि २००६ साली प्रसिद्ध झाला. क्षणभराच्या उल्लेखाने जर एवढा परिणाम होतो, तर आयुष्यभराच्या अवहेलनेचा काय होत असेल?

बाबासाहेबांचे उत्साहाविषयीचे चिंतन

वरील प्रयोग होण्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक आधी हाच विचार बाबासाहेबांनी नागपुरात मांडला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्यांनी जे प्रदीर्घ भाषण केले, त्यात उत्साहाविषयीचे विवेचन आहे. माणसाला शरीराबरोबर मनही आहे, त्या मनाचाही विकास झाला पाहिजे आणि उत्कर्षाच्या मुळाशी उत्साह असतो, असा त्यांचा आशय होता. हा उत्साह कोठून येतो? वर जाण्याची संधी आहे, आशा आहे, असे ज्याला वाटते त्याच्याच मनात तो उपजतो. ज्याला जन्मानेच खालच्या पायरीला खिळवून ठेवले, त्याच्या मनात तो कसा उपजावा? आपण हे भाषण धर्मांतराची कारणमीमांसा म्हणून वाचतो. ते मानसशास्त्राच्या दृष्टीनेही वाचले पाहिजे.

या संदर्भात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन संशोधकांची हकीकत बोधप्रद आहे. १९६७ साली त्यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. विजेचा धक्का काहीही केले तरी टळत नाही असा अनुभव आलेले कुत्रे, पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही निपचित पडून राहत. असहायता ही शिकलेली गोष्ट आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे मेंदूच्या अभ्यासातून निराळेच चित्र दिसले आणि २०१६ साली या दोघांनी आपला जुना निष्कर्ष स्वतःच उलटा केला. दीर्घ यातनेपुढे निपचित पडणे हा प्राण्याच्या मेंदूचा मूळ प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावे लागते ते हे की, आपल्या कृतीने परिस्थिती बदलते. ही शिकवण एकदा मेंदूत रुजली की ती पुढच्या संकटातही उपयोगी पडते.

या निष्कर्षाच्या प्रकाशात आपला इतिहास पाहावा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो हात पाण्याला लागले. ती तहान भागविण्याची घटना नव्हती. आपल्या कृतीने परिस्थिती बदलते, हा धडा समाजाने त्या दिवशी गिरविला. १९५६ च्या दीक्षेत आपला नवा जन्म होत असल्याची जी प्रतिज्ञा आपण घेतो, तिचाही अर्थ हाच आहे. आशा ही आपोआप उगवत नाही; ती कृतीतून, एकत्र येण्यातून, लहानमोठ्या विजयातून शिकावी लागते. बाबासाहेबांनी एका संपूर्ण समाजाला ती शिकविली.

चार ब्रह्मविहार

व्यक्तीने आपल्या चित्तात या भावना कशा वाढवाव्यात, याचा मार्ग धम्मात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांच्या रूपाने सांगितला आहे. सर्वांचे सुख इच्छिणे ही मैत्री. दुःखिताचे दुःख दूर व्हावे अशी तळमळ ही करुणा. दुसऱ्याच्या उत्कर्षात आनंद मानणे ही मुदिता. सुखदुःखात, निंदास्तुतीत चित्ताचा तोल राखणे ही उपेक्षा.

बाबासाहेबांनी यांत मैत्रीला विशेष स्थान दिले. करुणा माणसांपुरती राहते, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचते, म्हणून बुद्ध करुणेपाशी थांबले नाहीत, असे त्यांनी लिहिले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी सांगितले होते. त्यामुळे मैत्रीभावना ही डोळे मिटून करावयाची केवळ खासगी साधना राहत नाही. ती समाजरचनेचे तत्त्व ठरते.

मैत्रीभावनेचे प्रत्यक्ष परिणाम फ्रेड्रिक्सन यांनी तपासले. एका संगणक कंपनीतील १३९ नोकरदारांपैकी साधारण निम्म्यांना काही आठवडे मैत्रीभावनेचे शिक्षण देण्यात आले. उरलेल्यांना त्या काळात थांबविले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, साधना करणाऱ्यांच्या दैनंदिन प्रसन्न भावना हळूहळू वाढल्या आणि त्यांच्या वाढीबरोबर जीवनाचा हेतू, इतरांचा आधार आणि आरोग्य यांतही सुधारणा दिसली. हा परिणाम पहिल्याच दिवशी दिसला नाही. तो दिसू लागण्यास काही आठवडे लागले. पेरल्याबरोबर अंकुर येत नाही, हे शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. अंगुत्तर निकायात मैत्रीचे जे अकरा लाभ सांगितले आहेत, त्यांत सुखाने झोप लागणे, सुखाने जागे होणे, वाईट स्वप्ने न पडणे, लोकांना प्रिय होणे आणि चित्त लवकर एकाग्र होणे हे लाभ आहेत. त्यांतील पारलौकिक भाग बाजूला ठेवला तरी एवढे लाभ कोणालाही अनुभवाने तपासता येतील.

मुदितेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आपल्या समाजात तिची उणीव आम्हाला अधिक जाणवते. वस्तीतील एखादी मुलगी पदवीधर होते, एखाद्या मुलाला नोकरी लागते. अशा वेळी आपण काय बोलतो? "आता तो आपल्याला कायचा ओळखते," असे शब्द किती सहज निघतात! २००४ साली शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, चांगली बातमी दुसऱ्याला सांगितल्याने आनंद वाढतो आणि ऐकणाऱ्याने मनापासून रस घेऊन प्रतिसाद दिला तर दोघांमधील नातेही दृढ होते. थंडपणे ऐकले किंवा खोट काढली तर नाते सैल पडते. मुदितेसाठी पैसा लागत नाही. शेजाऱ्याच्या मुलीला "कसा अभ्यास केला, सांग बरं," एवढे विचारले तरी ती सुरू होते. जो समाज आपल्या माणसाच्या यशाने आनंदित होतो, त्याच्याकडे यशस्वी झालेला माणूस परत येतो, हा तिचा सामाजिक लाभ होय.

बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. जवळचा शत्रू आसक्ती, कारण ती मैत्रीसारखी दिसते. उपेक्षेचा जवळचा शत्रू अज्ञानजन्य बेफिकिरी. हा भेद आपल्यासाठी फार मोलाचा आहे. अन्याय पाहूनही ज्याचे मन हलत नाही, त्याने उपेक्षा साधली असे समजू नये. तो तिच्या शत्रूच्या घरी राहतो. खरी उपेक्षा असलेला माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहतो, मात्र क्रोधाने आंधळा होत नाही.

काही सावधगिरी

या विषयावर अनेक अतिशयोक्त विधानेही केली गेली आहेत, म्हणून सावध राहणे अगत्याचे आहे. २००५ साली फ्रेड्रिक्सन आणि मार्शल लोसादा यांनी, प्रसन्न आणि दुःखद भावनांचे प्रमाण साधारण तीनास एक असले म्हणजे माणूस बहरतो, असे गणिताच्या आधारे मांडले. २०१३ साली निक ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्या गणितातील चुका दाखवून दिल्या आणि निबंधाचा तो भाग मागे घ्यावा लागला. आनंदाचे सूत्र आकड्यांत बसत नाही. शास्त्राने आपली चूक जाहीरपणे दुरुस्त केली, यातही आपल्याला कालामसुत्ताचाच बाणा दिसतो. तसेच २०११ साली आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, आनंदाला अतिशय महत्त्व देऊन त्याच्यामागे धावणारे लोक अनेकदा अधिक निराश होतात. तृष्णा सुखाची असली तरी ती तृष्णाच.

सर्वांत महत्त्वाची सावधगिरी आजाराविषयी आहे. आठवडेच्या आठवडे झोप न येणे, अन्नावरची वासना उडणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. अशा माणसाला "मन प्रसन्न ठेव" म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला धावण्यास सांगणे होय. त्याला उपचार हवेत. विदर्भातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा जो मानसिक आरोग्याचा उपक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. प्रारंभी तेथील खिन्नताग्रस्तांपैकी अवघे ४.३ टक्के लोक उपचारासाठी गेले होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणे सुरू केल्यावर दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झाले. कोणीतरी आपुलकीने विचारले म्हणून लोक बोलते झाले. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. प्रत्येक विहाराच्या फलकावर हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला जावा, अशी आमची सूचना आहे.

विहाराने काय करावे

वर्षावासाचे वाचन संपल्यावर पंधरा मिनिटे मैत्रीभावनेस द्यावीत. त्यानंतर वस्तीत त्या आठवड्यात घडलेली एक चांगली गोष्ट सर्वांसमोर सांगावी. कोणी परीक्षा उत्तीर्ण झाले, कोणाचे दारू पिणे सुटले, कोणी कर्जाचा एक हप्ता फेडला. ज्यांनी आपल्याला मदत केली त्यांची नावे घ्यावीत. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी, कृतज्ञतेच्या गोष्टी नियमाने लिहून काढणाऱ्यांचे जीवनाविषयीचे समाधान वाढते, असे दाखविले. तथागतांनी तर आपणहून उपकार करणारा आणि केलेला उपकार जाणणारा, अशी दोन माणसे जगात दुर्मीळ म्हटली आहेत. आणि ज्या घरातून कोणी तीनचार वेळा विहारात आले नाही, त्या घरी जाऊन यावे. कल्याणमित्रता हा अर्धा नव्हे, संपूर्ण धम्मजीवनाचा आधार आहे, असे तथागतांनी आनंदाला सांगितले, ते यासाठीच.

आता पुन्हा त्या माउलींच्या प्रश्नाकडे येऊ. मन प्रसन्न ठेवावे ते कशाच्या भरवशावर? कापसाच्या भावाच्या भरवशावर ते ठेवता येणार नाही, कारण तो भाव आपल्या हाती नाही. दैवाच्या भरवशावर ठेवण्याचे तर आपण १९५६ सालीच सोडले. आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. आपल्या कृतीने परिस्थिती बदलते, हा आपल्या चळवळीने मिळवून दिलेला अनुभव ही पहिली. आणि देणे उरले असतानाही दारी येऊन विचारपूस करणारी धम्माची माणसे ही दुसरी. प्रसन्नतेने त्या माउलींचे कर्ज फिटणार नाही. परंतु कर्ज फेडण्याचा मार्ग शोधण्यासाठी, भावासाठी लढण्यासाठी आणि लेकरांना शाळेत टिकविण्यासाठी जे मन लागते, ते भयाने आक्रसलेले असून चालत नाही.

एक गोष्ट मात्र त्या रात्री आमच्या ध्यानात आली नव्हती. प्रश्न विचारून त्या खाली बसल्या, तेव्हा शेजारच्या बाईंनी काही न बोलता त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. आमच्या व्याख्यानापेक्षा तो हात उत्तराच्या अधिक जवळ होता.